सारसोसा म्हणजे अर्धवट

ग्वानापाता, १४ ऑगस्ट

लाऊता,

पाकिटावर पेसांतेस हे आईचं आडनाव घातलं आहे, कारण न्यूयॉर्कचा पोस्टमन तुला त्याच नावाने ओळखतो असं कळलं. आत मात्र मी सारसोसांच्या धाकट्यालाच लिहिते आहे. सहा वर्षं तू माझा फोन घेत नाहीस, म्हणून कागदावर आले. हा मध्येच कट करता येत नाही. फाडायचा तर फाड, पण वाचून फाड.

बातमी ही की तुझी लेक राष्ट्राध्यक्षपदाला उभी राहते आहे. चष्मा पूस आणि परत वाच. मीही तिला दोनदा विचारलं होतं. प्रांतात तिने काम चांगलं केलं, डोंगरातल्या दवाखान्यांत डॉक्टर बसायला लागले, आणि आता तिच्या पक्षाला वाटतंय की ती देशालाही चालेल.

मागच्या आठवड्यात आंपारो घरी आली होती. बरोबर राजधानीहून, कीतोहून आणलेला एक सल्लागार, वास्कोनेस. बूट इतके पातळ की अंगणातला प्रत्येक खडा त्याला कळत होता. उकडलेल्या मक्याच्या दोन वाट्या खाल्ल्या, तिसरी नको म्हणाला आणि मग घेतली, तेवढ्यापुरता मला बरा वाटला. नंतर तोंड पुसून म्हणाला, "बाई, तुमच्या भाचीत सगळं आहे. फक्त आडनाव नडतंय."

त्याने गावोगाव माणसं पाठवून एकच प्रश्न विचारला होता: सारसोसा म्हटलं की काय आठवतं? आंपारो फारशी कुणाला आठवलीच नाही. कुणाला प्लास्टर न झालेली भिंत आठवली, कुणाला दुरुस्तीला टाकलेला टीव्ही, आणि लोहा गावच्या एका बाईला नवरा.

तुला काय सांगायचं. बाबांनी राष्ट्राध्यक्ष म्हणून चौदा महिने राज्य केलं, आपल्या नदीवर पूल बांधायला काढला, तीन खांब उभे राहिले आणि लष्कराने बाबांना उचलून घरी आणून सोडलं. खांब अजून पाण्यात उभे आहेत. तेव्हापासून या देशात जे काही अर्धवट राहतं ते सारसोसा. कीतोच्या कुणा व्यंगचित्रकाराने हा शब्द काढला असं आपण घरात म्हणत आलो. असो.

वास्कोनेसचं म्हणणं, भिंतीवर, गाण्यात, टीव्हीवर सगळीकडे तिने आईचं आडनाव लावावं. आंपारो ग्वामान. "मातीतलं वाटतं," म्हणाला. मी विचारलं, "आणि मतपत्रिकेवर?" तिथे ओळखपत्रावरचं अख्खं नाव छापतात, ते काही त्याच्या हातात नाही. म्हणाला, "तोवर लोकांनी चेहरा बघून ठरवलेलं असतं, बाई."

आंपारो मका निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "आत्या, बाबांना विचार. आडनाव टाकून कसं वाटतं, हे आपल्या घरात फक्त त्यांनाच ठाऊक आहे."

टोमणा नव्हता. मी तिचा आवाज ओळखते. सहा वर्षांपूर्वी ती प्रांताच्या निवडणुकीला उभी राहिली तेव्हा फोनवर तू तिला म्हणालास, ते नाव पुन्हा उकरू नकोस, आणि ती तुला म्हणाली, तुम्ही तर ते विमानतळावरच टाकून गेलात. तेव्हा तिच्या आवाजात काय होतं ते मी ऐकलंय. या वेळी तसं नव्हतं. तिला खरंच उत्तर हवंय. दोन ओळी लिही. शुद्धलेखनाच्या चुका काढणार नाही.

एर्मेलिंदा


ग्वानापाता, ९ सप्टेंबर

लाऊता,

उत्तर नाही. ठीक आहे. तू लहानपणीही फळ्यासमोर उभा राहिलास की बूट बघत बसायचास.

पोस्टर लागले. आंपारो ग्वामान, मागे हिरवे डोंगर, कुठले कोण जाणे, आपले नाहीत. तुझ्या सोइलाचं आडनाव भिंतीवर बघून मला वाईट वाटायचं कारण नाही. तिच्यासारखी टोपी विणणारी या खोऱ्यात परत झाली नाही. पण ती असती तर वास्कोनेसला मक्याची एक वाटीसुद्धा मिळाली नसती. नाव मिरवायला घ्यावं, तोंड झाकायला नाही, असं तिने त्याला उभं ठेवून सांगितलं असतं.

आणि झाकलं कुठे जातंय? परवा आंपारो अंबातोच्या बाजारात गेली होती. संध्याकाळी फोनवर तिनेच सांगितलं. बटाटे विकणारा एक म्हातारा पोस्टरकडे आणि तिच्याकडे आळीपाळीने बघत होता.

"ग्वामान? कुठले ग्वामान?"

"आईकडचे, तायता," ही अदबीने म्हणाली.

"आणि बापाकडचे?"

वास्कोनेस मध्ये पडून म्हणाला, आजोबा, उमेदवाराला पुढे जायचंय. म्हातारा त्याला हाताने बाजूला करून म्हणाला, "नाक तर त्या पूलवाल्याचं आहे. बाई गं, मत मागायला येताना नाव लपवतेस, मत घेतल्यावर काय काय लपवशील?"

सगळा बाजार हसला. आंपारोही हसली म्हणे, पण मला सांगताना हसत नव्हती.

इथे गावात तर विचारूच नकोस. रविवारी प्रवचनाच्या मध्यावर वीज गेली, तर फादर वरून म्हणाले, "लेकरांनो, आजचं प्रवचन सारसोसा," आणि मग मी पहिल्या बाकावर बसलेय हे लक्षात येऊन त्यांनी घाईघाईने छातीवर क्रूसाची खूण केली. बसवाला घाटात चहाला थांबतो आणि मला सांगतो, बाई, प्रवास थोडा सारसोसा होईल. मी सदतीस वर्षं या गावाला शुद्ध भाषा शिकवली. माझ्या आडनावाचं त्यांनी विशेषण केलं, क्रियापद केलं, आता क्रियाविशेषणही करतात, आणि व्याकरणात एक चूक सापडत नाही. शिक्षिका म्हणून मला याचा अभिमान वाटायला हवा.

लाऊता, तिला दोन ओळी लिही.

एर्मेलिंदा


ग्वानापाता, २३ ऑक्टोबर

लाऊता,

आता हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही.

समोर उभा आहे तो रेनान बुस्तोस, केळीच्या बागांचा मालक. दात तुझ्या लग्नातल्या बँडवाल्यासारखे, एकूण एक दिसतात. त्याने टीव्हीवर जाहिरात काढली आहे. आपले तीन खांब, एकावर कपडे वाळत घातलेले. एक आवाज विचारतो, "पुन्हा सारसोसा?" बस, एवढंच. दहा सेकंदांची आहे. तारसिलाच्या नातीने ती माझ्यासमोर सहा वेळा म्हणून दाखवली, मग तिच्या आजीने तिच्या पाठीत एक घातली.

तारसिला तुला आठवत असेलच, शेजारची, सोइलाबरोबर टोप्या विणायची. आता केस पांढरे झालेत, जीभ मात्र काळीच आहे.

या जाहिरातीने झालं असं, की ग्वामान नावाच्या मुलीचं खरं आडनाव आता बुस्तोसच रोज संध्याकाळी देशाला सांगतो. लपवलं होतं म्हणून जास्तच रंगतं. पक्षातली मंडळी कुजबुजायला लागली आहेत. तीन नोव्हेंबरच्या रविवारी टोप्यांच्या बाजारात तिची सभा आहे. स्वतःच्या गावात तरी लोक तिच्या बाजूने उभे राहतात का, हे पक्षाला बघायचंय. नाही राहिले तर त्याच आठवड्यात अर्ज दुसऱ्याच्या नावाने भरतील. वास्कोनेसने हे मला सांगितलं तेव्हा त्याचे बूट चिखलाने भरलेले होते. बरा मुलगा आहे, नुसता कीतोचा आहे.

आंपारो काल इथे होती. आम्ही नदीवर गेलो, बाबा रविवारी बसायचे त्या दगडावर बसलो. समोर खांब. पोरं वरून उड्या मारत होती.

"आत्या," ती म्हणाली, "मी इथेच थांबू का? लोक म्हणतील, बघा, सारसोसाच निघाली. पण निदान एकदाच म्हणतील."

"आणि उभी राहिलीस तर?"

"मग चार वर्षं म्हणतील." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबांचं पत्र?"

मी म्हटलं, टपाल हल्ली उशिरा येतं. मी खोटं बोलले, लाऊता, आणि चांगलं बोलता आलं नाही, म्हणून तिने पुढे विचारलं नाही.

मला तिला तिथे दुसरंही काही सांगायचं होतं. तुलाही. जिभेवर आलं होतं. पण पोरांपैकी एकाने पोटावर उडी घेतली, सगळे ओरडले, आणि ते राहून गेलं.

एर्मेलिंदा


ग्वानापाता, ४ नोव्हेंबर

लाऊता,

हे पत्र बसून वाच.

काल टोप्यांचा बाजार. पहाटेपासून बायका डोंगरावरून उतरत होत्या, प्रत्येकीच्या डोक्यावर दहा-बारा टोप्यांची चळत. तुला तिकडे विसर पडला असेल म्हणून लिहिते: टोपी इथे विणतात, पण इथे पुरी होत नाही. काठाशी गवताच्या काड्या तशाच लोंबत ठेवतात आणि तशीच दलालाला विकतात. पुढे कुएन्काला दुसऱ्या बायका काठ आवळतात, काड्या कापतात, धुतात, इस्त्री करतात.

सभा चर्चच्या पायऱ्यांवर. माणसं बरीच, पण हात खिशात घातलेली. आंपारो दवाखान्यांबद्दल बोलत होती, चांगलं बोलत होती. तेवढ्यात मागून बुस्तोसच्या माणसांनी तशीच एक काड्या लोंबणारी टोपी भिरकावली. ती नेमकी तिच्या पायाशी पडली. मागून ओरडले, "सारसोसा! तुमची टोपी!"

तो शब्द पहिल्यांदा अशाच एका टोपीला लागला होता, हे त्यांना ठाऊकसुद्धा नव्हतं. मला होतं.

आंपारोने टोपी उचलली आणि हातात धरून उभी राहिली. वास्कोनेस मांजरासारखा इकडून तिकडे फिरत होता. पुढच्या रांगेतल्या बाया खाली बघत होत्या. मी पायऱ्या चढले. गुडघा दुखत होता, तरी चढले. तिच्या हातातून माईक घेतला. समोर अर्धे माझे विद्यार्थी, त्यांनी सवयीने खिशातून हात काढले.

मी म्हटलं, "हा शब्द कुणी काढला ते तुम्हाला माहीत आहे का? मी काढला."

आता तुला सांगते, जे त्यांना सांगितलं. मी अकरा वर्षांची होते. बाबांना घरी आणून सोडून वर्षही झालं नव्हतं. हस्तकलेच्या तासाला मदर पेर्पेतुआंनी सगळ्यांच्या टोप्या मागितल्या. माझा काठ व्हायचा होता, काड्या लोंबत होत्या. त्यांनी टोपी दोन बोटांत धरून विचारलं, "एर्मेलिंदा, हे काय आहे?" सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता, आणि ओरडा खाण्यापेक्षा हसू झालेलं बरं असं मला वाटलं. मी म्हटलं, "सारसोसा आहे, मदर. बाबांच्या पुलासारखी."

वर्ग फुटला. मदरसुद्धा हसल्या, आणि मला शिक्षा झाली नाही. आठवडाभरात दलाल बाजारात तो शब्द वापरायला लागले. वर्षभरात कुएन्कात पोचला, मग कीतोला. व्यंगचित्रकाराने तो तिथे ऐकला. त्याने काढला नाही.

लाऊता, या शब्दावरून पोरं तुला मारायची. रोज. मी तुझ्या गुडघ्याला औषध लावायची, फुंकर घालायची आणि त्या व्यंगचित्रकाराला शिव्या द्यायची. पंचावन्न वर्षं मी त्याला शिव्या देत आले. तू देश सोडलास तो या नावाला कंटाळून, आणि मी तुला स्टँडवर निरोप द्यायला आले, तेव्हासुद्धा बोलले नाही. बाबा गेले, त्यांनाही सांगितलं नाही. मला माफ कर. याहून मोठं वाक्य मला येत नाही, मी पुष्कळ शोधलं.

तर पायऱ्यांवर मी हे सगळं बोलले आणि रडले. बाजार गप्प झाला. कोंबड्यासुद्धा गप्प होत्या असं तारसिला म्हणते, पण ती वाढवून सांगते.

मग तारसिलाच उठली. माईकची तिला गरज नसते.

"बाई, तुम्ही रडताय कशाला? पन्नास वर्षं दर रविवारी मी सारसोसाच विकते. माझ्या घरात आजवर एक टोपी पुरी झालेली नाही. काठ कुएन्काची आवळते, इस्त्री तिसरीच करते. म्हणून मी काय अर्धी विणकरीण?" ती बुस्तोसच्या माणसांकडे वळली. "आणि तुम्ही रे, टोपी फेकता? तीन आठवडे लागतात एका टोपीला. खांब घातले त्याने घातले. आता काठ आवळायला कोण येतंय ते बोला, नाहीतर घरी जा आणि धन्याचे दात घासा."

हशा झाला, लाऊता. पण हा वेगळा हशा होता. मी या शब्दावरचे सगळे हशे ओळखते, हा मी पहिल्यांदाच ऐकला.

आंपारोने ती टोपी डोक्यावर घातली. काड्या कपाळावर, कानांवर, तिला धड दिसतही नव्हतं. म्हणाली, "मी आंपारो सारसोसा ग्वामान. बापाकडून पूलवाल्यांची, आईकडून टोपीवाल्यांची. दोन्हीकडून काठ राहिलाय." आणि पुढे परत दवाखान्यांवर आली, जिथे वाक्य तुटलं होतं तिथूनच.

खाली आली तेव्हा माझ्या कानात म्हणाली, "आत्या, अकराव्या वर्षी तू फारच आगाऊ होतीस." आणि माझा हात घट्ट धरून ठेवला. अर्ज तिच्याच नावाने भरला गेला. पूर्ण नावाने.

तू काय म्हणशील मला माहीत नाही. शिवी दिलीस तरी चालेल, पण लिहून दे.

एर्मेलिंदा


ग्वानापाता, १९ जानेवारी

लाऊता,

अजून काही नाही. मी वाट बघत नाही असं मला लिहायचं होतं, पण पोस्टमन आता मला लांबूनच नकारार्थी हात हलवून दाखवतो, म्हणजे बघत असणार.

इकडे गंमत झाली आहे. काड्या लोंबणाऱ्या टोप्या देशभर दिसायला लागल्या. ग्वायाकिलला कॉलेजची मुलं घालतात, किनाऱ्यावरचे कोळी घालतात. कुएन्काचे दलाल डोकं धरून बसलेत, कारण बायका त्यांना म्हणतात, नको रे बाबा, तुला नाही देत, अर्धीचंच गिऱ्हाईक जास्त आहे. तारसिला दोन नातींना कामाला बसवून विणते आणि दर टोपीमागे माझ्याकडे बघून "बाईंची कृपा" म्हणते. वास्कोनेस स्वतः एक घालून फिरतो आणि मुलाखतींत सांगतो की ही कल्पना त्याची. आंपारो म्हणते, सांगू दे, त्याला घरी आईला काहीतरी सांगायला हवं.

बुस्तोसने जाहिरात बंद केली. त्याच्या लोकांनी खांबावरचे कपडेही काढून नेले, ते त्यांनीच आणलेले होते.

अडचणीही आहेत, नाही कशाला म्हणू. किनाऱ्यावर एका सभेत एकाने सरळ विचारलं, "तुमच्या आजोबांनी खांबांतलं किती सिमेंट खाल्लं?" आंपारो म्हणाली, "खांब पंचावन्न वर्षं पुरात उभे आहेत. खाल्लं असतं तर वाहून गेले असते. बाकीचे कागद मी मागवलेत, आले की तुमच्या हातात देते." आणि दिले, लाऊता. त्यांत एक चूक बाबांची होती, तीही वाचून दाखवली. मला ते आवडलं नाही. नंतर आवडलं.

मतदान नऊ फेब्रुवारीला. तुमच्याकडच्यांनाही तिकडेच मत देता येतं म्हणे. मी तुला काही सांगत नाही. फक्त एवढंच, की यादीत तुझं नाव जन्माच्या दाखल्याप्रमाणे असतं. पोस्टमनप्रमाणे नाही.

एर्मेलिंदा


ग्वानापाता, ११ फेब्रुवारी

लाऊता,

निकाल लागला. आंपारो दुसरी आली. बुस्तोस पहिला, पण निम्म्या मतांच्या बराच अलीकडे थांबला, म्हणून एप्रिलमध्ये दोघांत पुन्हा लढत. रेडिओवरच्या माणसाने निकाल वाचला आणि म्हणाला, "मायबाप श्रोतेहो, निवडणूक सारसोसा झाली." अख्खी गल्ली खिडक्यांतून हसली. मीही हसले. मतदानाची दारूबंदी उठल्या उठल्या तारसिलाने दालचिनीच्या गरम दारूची किटली आणली आणि आम्ही दोघी जरा जास्तच प्यायलो.

आपल्या गावात तिला शंभरात एकाण्णव मतं पडली. उरलेल्यांची नावं मला माहीत आहेत. सगळे गणितात नापास होते.

आंपारोने रात्री तुझ्या पत्राचं विचारलं नाही, पण फोन ठेवताना थोडी थांबली. मी ओळखलं.

एर्मेलिंदा


क्वीन्स, १३ फेब्रुवारी

ताई,

तुझी सगळी पत्रं पोचली. परत परत वाचली. लाल शाई घेऊन बसू नकोस, मला लिहायची सवय राहिली नाही.

रविवारी मत द्यायला गेलो. एका शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये होतं. बाहेर बर्फ, आणि रांगेत आपली माणसं, निम्म्यांच्या डोक्यावर त्या काड्यावाल्या टोप्या. दारातल्या माणसाने टोप्या काढायला लावल्या, प्रचार होतो म्हणून. टेबलावरच्या मुलीने ओळखपत्र घेतलं आणि मोठ्याने वाचलं, सारसोसा पेसांतेस, लाऊतारो. माझ्यामागे अनीबाल होता. एकवीस वर्षं माझ्या दुकानात किल्ल्या करून घेतो. म्हणाला, "पेसांतेससाहेब, तुम्ही सारसोसा? अर्धे का?" मी म्हटलं, "पुरा." मग म्हटलं, "तिचा बाप." तेही दोनदा म्हटलं.

आता तुझ्या नोव्हेंबरच्या पत्राबद्दल. ताई, मला माहीत होतं. पहिली ते सहावी एकाच खोलीत होती हे तू विसरलीस. मी पहिल्या बाकावर होतो. सगळ्यात मोठ्याने मी हसलो. सुट्टीत मैदानावर तो शब्द मी नेला, सगळ्यांना माझी ताई काय म्हणाली ते ऐटीत सांगितलं. पुढे त्यांनी त्याच शब्दाने मला मारलं, तेव्हा मी कुणाकडे तक्रार करणार होतो? तू औषध लावायचीस आणि व्यंगचित्रकाराला शिव्या द्यायचीस, मीही द्यायचो. मला वाटायचं, तुला कळलं तर तू औषध लावणार नाहीस.

अजून एक. बाबांनाही माहीत होतं. मीच सांगितलं. त्याच आठवड्यात जेवताना त्यांनी विचारलं, सूप संपवलंस का, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही बाबा, सारसोसा आहे." आई थिजली. तू तेव्हा आत चुलीपाशी होतीस, तू ऐकलं नाहीस. बाबांनी चमचा खाली ठेवला. मला वाटलं आता मारतात. ते इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं, आणि म्हणाले, चांगला शब्द आहे, कुणाचा? मी म्हटलं, ताईचा. म्हणाले, तिला सांगू नकोस मला माहीत आहे ते, बिचारी घाबरेल. मी सांगितलं नाही. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी मात्र मी एकट्याने बघितलं, आणि पुढे मला त्या घरात बसवेना. नावाचा कंटाळा नव्हता, ताई. लाज माझी होती.

आंपारोने विचारलं होतं, आडनाव टाकून कसं वाटतं. तिला सांग, दुसऱ्याचे बूट घातल्यासारखं. चालता येतं, पण घरी गेलं की आधी काढावेसे वाटतात. नको, तू सांगू नकोस. मीच सांगतो. दुकान अनीबालच्या भावाकडे सोपवलं आहे. तीन मार्चला येतो, एप्रिलपर्यंत राहतो, पुढचं पुढे.

तिकिटावर पासपोर्टातलं अख्खं नाव लागतं. ते रकान्यात मावलं नाही, सारसोसा पेसां, एवढंच छापून आलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, अर्धवट आलंय, बदलून देऊ का? मी म्हटलं, राहू दे, आमच्या घरी चालतं.

लाऊतारो सारसोसा